जुनेराची पारख

मराठवाड्याच्या कापडाचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपोआप पैठणकडे वळते. पैठणीचा पदर, औरंगाबादची हिमरू, आणि त्याच्याही कितीतरी आधीचे तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात तेरहून साधे आणि तलम कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. जालना जिल्ह्यातले भोकरदन हे त्या काळचे भोगवर्धन. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख येतात, आणि 1973 च्या उत्खननात भोकरदनला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी नाते सांगते. याच भोकरदनला जालन्याहून जाताना वाटेत राजूर लागते. टेकडीवरचा राजुरेश्वर गणपती, गणेशाच्या साडेतीन पीठांत होणारी त्याची गणना आणि अंगारकीला लोटणारी गर्दी यांमुळे हे गाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. देवस्थान, व्यापाराची वाट आणि काळ्या मातीतला कापूस या तिन्ही गोष्टी या टापूत पूर्वापार आहेत. तरीही इथे घरोघर शिवले गेलेले, इथली मुले ज्यावर निजून मोठी झाली ते कापड या इतिहासात सापडत नाही. ते कापड म्हणजे गोधडी, आणि तिचे सर्वांत लहान रूप म्हणजे तान्ह्या बाळाचे दुपटे.

गोधडीबद्दल आता बरेच प्रेमाने बोलले जाते. आजीची माया, मायेची ऊब असे शब्द तिच्याभोवती जमा झाले आहेत. त्या भावनेत खोटे काही नाही. पण तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे गोधडी ही एक विद्या होती आणि ती शिकवली जात होती. या विद्येचा पहिला धडा दुपट्यात होता, असे माझे म्हणणे आहे. मोठ्या गोधडीची छोटी नक्कल एवढीच दुपट्याची ओळख नाही. मोठ्या माणसाच्या वाकळेत जे खपून जाते, ते बाळाच्या दुपट्यात खपत नाही. म्हणून जिने एक दुपटे नीट शिवले, तिला कापडाचे वय, त्याचा पोत, त्याचा रंग आणि त्याची पाण्यातली वागणूक ओळखता येऊ लागे. टाका घालणे हा त्यातला सोपा भाग होता. कोणते कापड घ्यायचे आणि कोणते बाजूला सारायचे, हे ठरवणे अवघड होते. आज घरी बसून मुलांसाठी पहिली गोधडी शिवू पाहणाऱ्या कुणालाही हा इतिहास माहीत असला पाहिजे, कारण आपल्या हातून निसटला आहे तो नेमका हाच अवघड भाग.

हे सिद्ध करायला पुरावा कुठून आणायचा, हा पहिला प्रश्न. इतिहासाच्या कागदपत्रांत विकल्या जाणाऱ्या वस्तूंची नोंद होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसाने खंबायतच्या सुरेख रजयांचे वर्णन केले, कारण त्या जहाजावर चढत होत्या. बंगालमधल्या कशिदाकारीच्या रजया पोर्तुगालपर्यंत गेल्या, म्हणून आज युरोपच्या संग्रहालयांत दिसतात. घरात शिवलेली, घरातच वापरलेली गोधडी कुठल्या जकातनाक्यावरून गेली नाही, तिच्यावर कर बसला नाही, तिची पावती झाली नाही. शिवाय ती उरतही नाही. लुगडे विरले की त्याची गोधडी होते, गोधडी विरली की ती नव्या गोधडीच्या पोटात जाते, आणि शेवटी तिचे पोतेरे होऊन जमीन पुसण्यात संपते. बंगालच्या कांथ्यावर, म्हणजे तिथल्या गोधडीवर, स्टेला क्रामरिश यांनी 1939 साली निबंध लिहिला. महाराष्ट्राच्या गोधडीवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांचे स्वतंत्र पुस्तक यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. म्हणून इथे पुरावा तीन ठिकाणांहून गोळा करावा लागतो. सुती कापडाचे न बदलणारे गुणधर्म हे पहिले ठिकाण, बाळंतपणाभोवतीच्या चालीरीती हे दुसरे, आणि असेच काम जिथे झाले त्या इतर प्रदेशांशी तुलना हे तिसरे. तिन्हींची साक्ष एकाच बाजूला पडली, तर निष्कर्ष भक्कम मानायला हरकत नसावी.

आधी कापडाची साक्ष. दुपटे साधारण दोन हात लांब आणि त्याहून थोडे कमी रुंद असते. खाली आणि वर एकेक सलग तुकडा, आणि मध्ये एक-दोन थर, एवढाच त्याचा ऐवज. जमिनीवर खालचा तुकडा अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवतात, त्यावर मधले थर सुरकुती न पडू देता हाताने सारखे करत पसरतात आणि वरचा तुकडा घालून कडा आत दुमडतात. मग काठापासून धावदोरा सुरू होतो. एक चौकोन पुरा झाला की त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करत सुई मध्यावर येते. काठाकडून आत येण्याला कारण आहे. कडा आधी पक्क्या झाल्या की थर एकमेकांवरून सरकत नाहीत आणि चारी बाजू सरळ राहतात. मात्र हाताने सतत आतल्या बाजूला सारखे करत जावे लागते, नाहीतर मध्यावर पोचताना कापडाचा फुगा उरतो. दोऱ्याची गाठ वर ठेवायची नाही, ती थरांच्या मध्ये ओढून घ्यायची, कारण बाळाच्या पाठीला गाठ टोचते. जरीचा काठ असेल तर तो कापून टाकायचा. ठिगळांची नक्षी करायचीच असेल तर ती वरच्या बाजूला, आणि ज्या बाजूवर बाळ निजणार ती बाजू सलग, बिनशिवणीची. मोठ्यांच्या गोधडीत यातला एकही नियम इतका कडक नसतो.

आता कापड निवडण्याकडे वळू. नव्या सुती कापडाला खळ असते आणि ते पहिल्या काही धुण्यांत आटते. जुने कापड आटायचे तेवढे आधीच आटलेले असते. एकाच दुपट्यात वर नवे आणि आत जुने कापड घातले, तर पहिल्याच धुण्यात वरचा थर आखडतो, आतला तसाच राहतो आणि सगळ्या दुपट्याला चुण्या पडतात. तान्ह्या बाळाचे दुपटे दिवसातून कितीदातरी धुवावे लागते, म्हणून ही चूक दोन दिवसांत उघडी पडते. रंगाचेही तसेच. इरकली लुगड्याचा लाल, गडद निळा किंवा हिरवा रंग कच्चा असेल तर ओल्या कापडातून बाळाच्या अंगाला लागतो. वर्षानुवर्षे नदीवर, विहिरीवर आपटून धुतलेल्या लुगड्यातून जायचा तो रंग आधीच गेलेला असतो. तिसरी गोष्ट शोषण्याची आणि वाळण्याची. विरत आलेले सूत पाणी चटकन पिते, आणि थर थोडे असले की उन्हात लवकर वाळते. थर वाढवले तर ऊब वाढते, पण आतला ओलावा जात नाही आणि कुबट वास धरतो. ऊब आणि वाळणे यांचा मेळ किती थरांत बसतो, याचा निर्णय ऋतू पाहून करावा लागे. मार्गशीर्षात जन्मलेल्या बाळाचे दुपटे आणि श्रावणात जन्मलेल्या बाळाचे दुपटे सारखे असून चालत नसे. शेवटची गोष्ट ताकदीची. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याउठण्याने मधला भाग आधी झिरझिरीत होतो. म्हणूनच तो भाग काढून दोन्ही टोके जोडून दांड घालण्याची रीत होती. दुपट्याला फार विरलेला भाग चालत नाही, कारण तो धुताना फाटतो, आणि कोरा भागही चालत नाही. मऊ झालेला पण जीव असलेला भाग बोटांनी चाचपून, उजेडासमोर धरून शोधावा लागे. मराठीत अशा कापडाला जुनेर म्हणतात. त्याची निवड हीच खरी परीक्षा होती.

ही पारख किती जुनी आहे याचा एक धागा चरकसंहितेत सापडतो. तिच्या शारीरस्थानात तान्ह्या बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाबद्दल स्पष्ट सूचना आहेत. ती मऊ, हलकी, स्वच्छ आणि सुगंधी असावीत. घामट, मळकी, किडामुंगी लागलेली किंवा मलमूत्राने खराब झालेली वापरू नयेत. आणि दुसरी मिळण्यासारखी नसतील तर तीच चांगली धुऊन, धुरी देऊन, पूर्ण कोरडी करून वापरावीत. वैद्याने लिहिलेले हे चार नियम आणि दुपटे शिवणाऱ्या बाईचे न लिहिलेले नियम एकमेकांना धरून आहेत. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, तिच्यावर टाकलेला ओवा आणि वावडिंग, आणि त्या धुरावर धरलेली बाळोती व दुपटी हे दृश्य महाराष्ट्रातल्या घरांना अगदी अलीकडेपर्यंत ओळखीचे होते. राजूरच्या एखाद्या बाईने चरक वाचला होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट, घराघरांत चालत आलेले ज्ञान ग्रंथकाराने टिपून ठेवले असणे अधिक संभवते. पण एवढे नक्की की बाळासाठी मऊ आणि धुऊन निवळलेले कापड हवे, ही अपेक्षा केवळ खेड्यातली किंवा केवळ गरिबाची नव्हती.

इथे पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप येतो. हे सगळे मागाहून लावलेले अर्थ आहेत, लोकांकडे नवे कापड नव्हते म्हणून त्यांनी जुने वापरले, गरिबीला विद्येचे नाव देऊ नका, असे कुणी म्हणेल. या आक्षेपात मोठे तथ्य आहे. मराठवाड्याने दुष्काळ भोगले आहेत. 1972 च्या दुष्काळात बाया खडी फोडत होत्या, सुकडी आणि मिलो ज्वारीवर घरे चालत होती. तेव्हा एकेका चिरगुटाला मोल होते. आजही जालना-बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गाडीत अंथरूण-पांघरुणाचे गाठोडे असते आणि थंडीच्या दिवसांत कोपीतली मुले त्यावरच निजतात. मोठ्या माणसांच्या जाड वाकळा, त्यांच्यावर चढत गेलेली ठिगळे, यांचे मूळ टंचाईतच आहे. पण दुपट्याचे तसे म्हणता येत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे नवे कापड परवडणाऱ्या घरांतही तान्ह्या बाळाला आधी जुन्या धोतराच्या, जुन्या लुगड्याच्या कापडातच गुंडाळत. बाळंतविड्यात नवी कुंची, नवे झबले, नवे टोपडे येई. ते बारशाला अंगावर चढे आणि उरलेला दिवस बाळ जुनेरात असे. दुसरे कारण बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात येऊ लागली, तेव्हा प्रत्येक जुन्या लुगड्याला बाजारभाव आला. त्याच लुगड्यावर पितळेचे किंवा पुढे स्टीलचे भांडे मिळू शकत होते. ते न घेता लुगडे पेटीत राखून ठेवणे म्हणजे घरातल्या बाईने केलेला खर्च होता. फुकट म्हणून वापरलेली चिंधी आणि भांडे नाकारून राखलेले जुनेर यांत फरक करावाच लागतो. गरिबीने साधनांची मर्यादा घालून दिली, हे मान्य. पण त्या मर्यादेत काय कशासाठी राखायचे, हे पारखीने ठरवले.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. बाळाला जुने कापड घालण्यामागे ज्ञान नव्हते, भीती होती; नजर लागू नये, सटवाईचा कोप होऊ नये, म्हणून मूल मुद्दाम साधे, जीर्ण ठेवत, असे हा आक्षेप म्हणतो. यालाही आधार आहे. ज्या घरी मुले जगत नसत तिथे पुढच्या मुलाचे नाव कचरू, दगडू, धोंडू किंवा भिका ठेवण्याची चाल मराठवाड्यात होती. नको असलेली वस्तू मृत्यूही नेणार नाही, अशी त्यामागची समजूत. हीच कल्पना कापडातूनही व्यक्त झाली आहे आणि ती फक्त आपल्याकडची नाही. चीनमध्ये शंभर घरांतून तुकडे मागून बाळासाठी गोधडी करण्याची प्रथा होती, जपानमध्ये तसाच अनेक घरांच्या तुकड्यांचा किमोनो मुलाला घालत. बिहारमध्ये जन्मलेल्या बाळाला जुन्या साड्यांच्या सुजनी नावाच्या गोधडीत गुंडाळत, आणि चिंध्यांची देवी चितिरिया माँ हिला तिथे मान होता. या प्रथांमागची भीती आकड्यांतही दिसते. 1971 साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 129 बाळे वर्षाच्या आत दगावत. 2020 पर्यंत हा आकडा 28 वर आला. 1971 च्याही आधीच्या पिढ्यांनी किती मुले गमावली असतील याची कल्पना त्यावरून यावी. पण भीती आणि ज्ञान एकत्र नांदू शकत नाहीत, असे मानायचे कारण नाही. इतक्या दूरदूरच्या समाजांत सगळ्यात मऊ, सगळ्यात जास्त धुतलेले कापडच बाळाच्या वाट्याला यावे, याचे कारण केवळ श्रद्धेत शोधता येणार नाही. श्रद्धेने ते कापड निवडायला बळ दिले असेल. ते कापड टिकले आणि पुढच्या पिढीने पुन्हा निवडले, कारण ते खरोखर उपयोगी पडले.

आता शिकवण्याचा मुद्दा. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी होते. म्हणजे पहिलटकरीण, तिची आई आणि बहुधा आजी अशा तीन पिढ्या काही महिने एका छपराखाली येत. हातात वेळ मोजका, काम लहान, आणि ते पुरे करायची मुदत निसर्गाने ठरवलेली. शिकण्यासाठी याहून चांगली परिस्थिती सापडणे कठीण. काही घरांत बाळ जन्मण्याआधी त्याचे काही शिवू नये असे मानत. तिथेही लुगडी धुऊन, निवडून, घड्या करून ठेवण्याचे काम आधीच होई, आणि निवड हाच तर धड्याचा गाभा. ग्रहणात गरोदर बाईने सुई हातात धरू नये, या निर्बंधातूनही एक गोष्ट कळते, की एरवी सुई तिच्या हातात असे. दुसऱ्या बाजूला, शाळेत ही विद्या आलीच नाही. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि स्त्रियांच्या शिक्षणात शिवणकामाला मोठे स्थान मिळाले. पण मुलींच्या शाळांत आणि शिवणवर्गांत रुजले ते भरतकाम, विणकाम, बेतणे आणि यंत्रावरची शिलाई. हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यातल्या खेड्यांपर्यंत तर हेही बहुधा 17 सप्टेंबर 1948 च्या मुक्तीनंतरच पोचू लागले. परीक्षेत प्रमाणपत्र मिळाले ते नव्या कापडावरच्या कामाला. जुन्या कापडाची परीक्षा घेणारी शाळा एकच होती, ती बाळंतिणीच्या खोलीत भरे. अमेरिकेतही मुलींना पहिला हात बसवायला बाहुलीच्या किंवा पाळण्याच्या छोट्या गोधड्या देत असत. लहान कामातून मोठी विद्या उतरवण्याची युक्ती दोन्हीकडे सारखी आहे. आपल्याकडे तिला कुणी शिक्षण म्हटले नाही, एवढेच.

ही शाळा बंद कशी पडली, याचे उत्तर शिवणाऱ्या हातांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. शाळेचे साहित्यच संपले. 1900 साली मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून सुरू झाली आणि या भागातला कापूस मोठ्या बाजाराशी जोडला गेला. मराठवाड्याचा गावरानी कापूस जाऊन संकरित वाण आले. जालन्यात 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी उभी केलेली महिको ही बियाणे कंपनी त्या बदलाच्या केंद्रस्थानी होती, आणि 2002 नंतर बीटी कापसाने शेते व्यापली. म्हणजे राजूरच्या शिवारात कापूस वाढत गेला. घरातल्या पेटीतून मात्र सूत नाहीसे होत गेले. नऊवारीची सहावारी झाली, तेव्हा एका लुगड्यातून निघणारे कापडच तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले. मग सुती साडीची जागा नायलॉन आणि पॉलिएस्टरने घेतली. ही साडी टिकते, चमकते, पटकन वाळते, शेतात राबणाऱ्या बाईला सोयीची पडते. तिने ती निवडली यात काहीच चूक नाही. पण ती विरत नाही, मऊ पडत नाही आणि पाणी शोषत नाही. तिची मोठी गोधडी होते, रंगीबेरंगी आणि टिकाऊ होते. दुपटे मात्र होत नाही. जुनेर म्हणून राखावे असे काही पेटीत उरले नाही, म्हणून पारखायलाही काही उरले नाही. गोधडी टिकली आणि दुपटे आधी गेले, या क्रमाचा उलगडा एवढ्यावरून होतो.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो आरोग्याचा आहे. दवाखान्यातून घरी येणाऱ्या बाळासाठी निर्जंतुक, तयार कपडे मिळत असताना जुन्या कापडाचा आग्रह कशाला? या आक्षेपापुढे परंपरेचे नाव घेऊन उभे राहणे बरोबर नाही. लहान बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, जाड रजई किंवा उशी ठेवू नये, तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते ऐकलेच पाहिजे. पहिल्या वर्षात दुपटे बाळ जागे असताना, कुणाच्या तरी नजरेसमोर, अंगाखाली पसरण्यापुरते वापरावे. पांघरायची गोधडी त्यानंतरची. स्वच्छतेबद्दल म्हणाल तर जुने कापड अस्वच्छ असतेच असे नाही, आणि नवे कापड स्वच्छ असतेच असेही नाही. न धुतलेल्या नव्या कापडात खळ आणि रंगाचा अंश असतो. कडक पाण्यात धुणे आणि कडक उन्हात वाळवणे हे दोन्हींना लागू आहे. म्हणजे आधुनिक सल्ल्याने वापराची पद्धत बदलते, कापडाची परीक्षा बदलत नाही. किंबहुना ती अधिक लागू पडते, कारण तयार मालावर शंभर टक्के सुती असे छापलेले असले तरी ते किती आटेल, रंग सोडेल का, घामट दुपारी अंगाला कसे लागेल, हे छापलेले नसते.

आणखी एक प्रश्न उरतो, तो बाईच्या कष्टाचा. शेतातून येऊन, स्वयंपाक उरकून, चिमणीच्या उजेडात डोळे ताणून शिवलेल्या गोधड्यांचे गोडवे गाणे म्हणजे बिनमोल राबवून घेण्याला शोभा आणणे, असे कुणी म्हटले तर ते गंभीरपणे घ्यायला हवे. प्रत्येक घरात प्रत्येक बाईने गोधडी शिवलीच पाहिजे असा काळ परत यावा, असे कुणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. पण ज्या कामाची मजुरी मिळाली नाही त्यातली विद्या मान्य न करणे, हा त्या बायांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरतो. पैठणी विणणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. कोणते लुगडे कोणत्या महिन्यात जन्मणाऱ्या बाळाला चालेल हे हाताने सांगणाऱ्या बाईला मात्र आपण काटकसरी म्हटले, मायाळू म्हटले. जाणकार क्वचितच म्हटले. बचतगटांच्या प्रदर्शनांत आता गोधड्या विकत मिळतात आणि त्यांचा दाम बाईच्या हाती येतो, ही चांगली गोष्ट आहे. त्या दामात टाक्यांबरोबर कापड निवडण्याची अक्कलही धरली गेली, तर ते अधिक न्यायाचे होईल.

म्हणून राजूरसारख्या गावात किंवा कुठल्याही शहरात, आपल्या किंवा शेजारच्या मुलासाठी पहिली गोधडी शिवायला बसणाऱ्याने नमुन्यांच्या चित्रांपासून सुरुवात करू नये. आधी घरातले सुती कापड बाहेर काढावे: धोतर, सुती साडी, वापरून मऊ झालेली चादर, पायजमा. प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरावा, ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून रंग पाहावा, नवे असेल तर दोन-तीनदा धुऊन आटू द्यावे, आणि एका गोधडीत एकाच वयाची कापडे घ्यावीत. मूल कोणत्या ऋतूत, कशावर निजणार हे विचारून थर ठरवावेत. टाके वाकडे पडले तरी चालतील. चौथ्या-पाचव्या रांगेपर्यंत हात बसतोच. कापडाची निवड चुकली तर मात्र सरळ टाकेही ती गोधडी वाचवू शकणार नाहीत. घरात वयस्कर बाई असेल तर तिला आठवणी विचारण्याआधी हातातले कापड दाखवून विचारावे की हे चालेल का, आणि नाही म्हणाली तर का नाही, ते लिहून ठेवावे. मराठवाड्यातल्या शाळा, शिवणवर्ग आणि बचतगट यांनीही गोधडीच्या टाक्यांबरोबर जुन्या कापडाची परीक्षा शिकवायला घ्यावी. ज्या विद्येला कागद कधी मिळाला नाही, तिला तो देण्याची वेळ अजून गेलेली नाही, कारण जुनेर बोटांत धरून त्याचे वय सांगणाऱ्या बाया आज हयात आहेत.